कर्नल ड्रायव्हरमधले ट्रेसिंग-डीबग हुक्स नीट कसे लावायचे

डांबर सुकायच्या आत पाण्याच्या पाइपसाठी खणायचं, तो खड्डा बुजला की केबलसाठी पुन्हा खणायचं, हे पुणेकराला नवीन नाही. चार-पाच वर्षं जुन्या कर्नल ड्रायव्हरची, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडची, तीच गत असते. जो आला त्याने आपल्यापुरता प्रिंटके (कर्नलच्या लॉगमध्ये ओळ छापणारा कॉल) टाकला आणि तो तसाच ठेवून पुढे गेला. हे आवरताना मोह एकच होतो, सगळं उचलून ट्रेसपॉइंट (हवा तेव्हाच चालू करायचा नोंदीचा बिंदू) करून टाकण्याचा. तो टाळा. कोणता हुक, म्हणजे अशी माहिती देणारी ओळ, कोण वाचणार आणि ती ओळ सेकंदाला किती वेळा चालते, या दोन उत्तरांवर त्याची जागा ठरते.

उदाहरणादाखल एक बोर्ड घेऊ. चाकण-भोसरीकडच्या कारखान्यातल्या मशीनची कंपनं मोजणारा, लिनक्सवर चालणारा. ड्रायव्हरचं नाव ‘व्हायब’, इंटरप्ट (हार्डवेअरने सीपीयूला मारलेली हाक) सेकंदाला १,०००.

आधी ग्रेप मारा, म्हणजे कोडमध्ये हे शब्द शोधा: प्रिंटके, पीआर_डीबग, डेव्ह_डीबीजी, ट्रेस_प्रिंटके, डीबगएफएस_क्रिएट. जे सापडेल ते एका शीटवर उतरवा: फाइल, ओळ, वाचणारा कोण, सेकंदाला किती वेळा. ‘इथे आलो १’, ‘इथे आलो २’ छापाच्या ओळी थेट उडवा. फंक्शनमध्ये शिरलो आणि बाहेर पडलो एवढंच सांगणाऱ्याही उडवा. ते काम एफट्रेसचा (कर्नलमधल्याच ट्रेसिंग यंत्रणेचा) फंक्शन-ग्राफ ट्रेसर फुकट करतो. निम्मा कचरा इथेच निघतो.

खऱ्या चुका सांगणाऱ्या ओळी डेव्ह_एरर म्हणूनच राहू द्या. त्या इंटरप्टच्या वाटेवर असतील तर रेटलिमिटेड (ओळींवर मर्यादा घालणारं) रूप वापरा. त्याची मूळ मर्यादा ५ सेकंदांत १० ओळी. प्रोब (डिव्हाइस सापडल्यावरची सुरुवात), सस्पेंड, फर्मवेअर लोड अशा क्वचित चालणाऱ्या वाटांवर डेव्ह_डीबीजी (एरवी गप्प राहणारी डीबग ओळ) पुरे. डायनॅमिक डीबग चालू असलेल्या कर्नलमध्ये कंट्रोल फाइलमध्ये ‘मॉड्यूल व्हायब +पी’ लिहिलं की त्या ओळी बोलू लागतात. प्रोबमधलीच अडचण असेल तर ती फाइल हाताशी येईपर्यंत उशीर झालेला असतो. मग बूट पॅरामीटरमध्ये ‘व्हायब.डायनडीबीजी=+पी’ द्या.

इंटरप्टच्या वाटेवर प्रिंटके का नको, ते आकड्यांत बघा. ११५२०० बॉडची सिरियल कन्सोल सेकंदाला ११,५२० अक्षरं पाठवते. ८० अक्षरांच्या ओळीला जवळजवळ ७ मिलिसेकंद. १,००० इंटरप्टना एकेक ओळ म्हटली, तर एका सेकंदाच्या कामाला ७ सेकंद छपाई. बग वेळेचा असेल तर ही ओळ टाकताच तो दडून बसतो. ट्रेस_प्रिंटके वेगवान आहे, पण तो टेबलावरच्या तपासापुरता. कर्नलमध्ये राहिला की बूट लॉगमध्ये ठळक चौकटीत इशारा येतो, आणि तो योग्यच आहे.

म्हणून गरम, म्हणजे सतत चालणाऱ्या, वाटेवर ट्रेस_इव्हेंट (ट्रेसपॉइंट लिहायचं मॅक्रो). नावं फंक्शनवरून देऊ नका. फंक्शन उद्या फुटेल किंवा जुळेल. हार्डवेअरची अवस्था बदलते तिथे हुक लावा, जसं डीएमए (सीपीयूला मध्ये न घेता मेमरीत डेटा नेणं) सुरू होताना: व्हायब_डीएमए_स्टार्ट, व्हायब_डीएमए_डन, व्हायब_ओव्हररन. स्टार्ट आणि डनचे फील्ड (नोंदीत साठवायच्या किमती) सारखेच असतील तर डिक्लेअर_इव्हेंट_क्लास एकदा लिहा आणि दोन डिफाइन_इव्हेंट काढा, मेमरी वाचते.

अडकायला होतं ते हेडरपाशी. क्रिएट_ट्रेस_पॉइंट्स हे मॅक्रो एकाच सी फाइलमध्ये, हेडर इन्क्लूड करण्याआधी डिफाइन करा. दोन फाइलींत केलंत तर लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणतो, कुठेच नाही केलंत तर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. डिफाइन_ट्रेस हेडरचा इन्क्लूड सर्वात शेवटी आणि गार्डच्या एंडिफबाहेर हवा. हेडर ड्रायव्हरच्याच फोल्डरमध्ये असेल तर ट्रेस_इन्क्लूड_पाथला टिंब द्या आणि मेकफाइलमध्ये त्या ऑब्जेक्टला ‘-आय$(एसआरसी)’ जोडा.

फील्ड मोठ्यापासून लहानाकडे लावा. यू८ च्या मागे यू६४ ठेवला तर प्रत्येक नोंदीत ७ बाइट रिकामे जातात. टीपी_प्रिंटकेमध्ये (नोंद कशी छापायची ते सांगणाऱ्या भागात) पॉइंटरच्या आत डोकावू नका. तो भाग घटनेच्या वेळी चालत नाही, ट्रेस वाचताना चालतो, आणि तोवर ती मेमरी मोकळी झालेली असू शकते. हवी ती किंमत घटनेच्या वेळी चालणाऱ्या टीपी_फास्ट_असाइनमध्येच उतरवून घ्या. बंद ट्रेसपॉइंटचा खर्च एका एनओपीइतका (काहीच न करणाऱ्या सूचनेइतका), पण आर्ग्युमेंटमध्ये फंक्शन कॉल लिहिलात तर तो ट्रेस बंद असतानाही चालतो. असं आर्ग्युमेंट काढायचंच असेल तर ते ट्रेस_व्हायब_ओव्हररन_एनेबल्ड() च्या इफमध्ये ठेवा.

पॅचचा क्रमही ठरवून ठेवा: आधी नवे हुक, मग चाचणी, शेवटी जुन्या ओळी काढणारा वेगळा पॅच. त्यात लॉजिकला हात लावू नका, नाहीतर बायसेक्ट करणारा (पॅच निम्मे-निम्मे करत बग शोधणारा) तुम्हाला शिव्या देईल. आधीपासून असलेल्या इव्हेंटचं नाव किंवा फील्ड बदलण्याआधी तो कोणती स्क्रिप्ट वाचते ते शोधा. २०११ च्या सुमारास कर्नलच्या इव्हेंटमधला लॉक-डेप्थ हा फील्ड काढला, तर पॉवरटॉप (विजेचा वापर दाखवणारं टूल) बिघडलं. तेवढी जागा पुन्हा भरून ठेवावी लागली.

आता /सिस/कर्नल/ट्रेसिंग/इव्हेंट्स/व्हायब बघा. फोल्डरच नसेल तर मॉड्यूलचं लायसन्स तपासा. प्रोप्रायटरी मॉड्यूलचे ट्रेसपॉइंट कर्नल घेत नाही. फोल्डर असेल तर त्यातल्या प्रत्येक इव्हेंटच्या ‘फॉरमॅट’ फाइलमध्ये ऑफसेट वाचा, रिकाम्या जागा तिथेच दिसतात. ‘एनेबल’मध्ये १ लिहा. ट्रेस बफर दर सीपीयूला साधारण १,४०८ केबी, म्हणजे चार कोअरच्या बोर्डावर साडेपाच एमबी. तो भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात. पर_सीपीयूमधल्या ‘स्टॅट्स’ फाइलीत ओव्हररन (अशा पुसलेल्या नोंदींची संख्या) शून्याच्या वर असेल तर बफर वाढवा किंवा फिल्टर लावा, मगच निष्कर्ष काढा.

रजिस्टरचा आत्ताचा ठसा, रांगेत किती बफर आहेत असलं सगळं डीबगएफएसमध्ये (डीबगच्या माहितीसाठीच्या कर्नलच्या फाइलसिस्टिममध्ये), पूर्ण ड्रायव्हरसाठी एकाच फोल्डरखाली. काढताना तो फोल्डर आधी, डेटा नंतर. उलट केलंत तर उघड्या फाइलीतून वाचणारा मोकळ्या मेमरीत शिरतो. केएएसएएन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं साधन) चालू ठेवून, एका टर्मिनलमध्ये ती फाइल सतत वाचत, दुसरीकडे मॉड्यूल ५० वेळा लोड-अनलोड करा. क्रम चुकला असेल तर रिपोर्टमध्ये ‘यूज-आफ्टर-फ्री’ दिसेल.