दसऱ्याचा झेंडू भरायच्या आधी पिकअपचे ब्रेक एकदा उघडून बघा

पाऊस आता ओसरत आलाय, सीताफळाचे तोडे चालू आहेत आणि दसरा जवळ आला की पुरंदरातनं झेंडूच्या गाड्या रात्री-अपरात्री दिवे घाट उतरून पुण्याच्या मार्केट यार्डाकडं निघतात. चार महिने चिखलात फिरलेल्या पिकअपचे ब्रेक नेमके याच दिवसांत कुंई कुंई करायला लागतात, मग कुणीतरी सांगतं डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी तबकडीवर, थोडं डिझेल मार, आवाज बंद होईल. मंडळी, हे अजिबात करू नका. आवाज बंद होतो कारण पॅड, म्हणजे डिस्कला दोन्हीकडनं दाबून धरणारा ब्रेकचा तुकडा, तेल पितो आणि ब्रेक पकडायचाच बंद होतो, आणि तेल प्यायलेला पॅड नंतर कितीही पुसला तरी कामाचा राहत नाही.

आधी आवाज कसा येतोय ते नीट ऐका. रात्रभर दवात नाहीतर पावसात गाडी उभी होती आणि सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला करकर झाली, मग गेली, तर तो डिस्कवरचा वरवरचा गंज आहे, त्याला काही करायचं नाही. रोज दिवसभर बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पॅड संपत आलाय असं धरून चला, कारण बऱ्याच पॅडच्या पाठीला पत्र्याची एक जीभ असते, पॅड झिजला की ती डिस्कला घासून वाजते, आणि ती त्याच्यासाठीच दिलेली असते. पण खर्र खर्र असा लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला आणि पेडलला हादरा जाणवला तर त्या गाडीत माल भरू नका, एक खेप चुकली तरी चालेल.

बहुतेक पिकअपला पुढं डिस्क आणि मागं ड्रम, म्हणजे ज्याला आतून ब्रेक दाबतो ती बंद लोखंडी वाटी, असतो. पुढचं काम घरी होण्यासारखं आहे. गाडी शेताच्या मऊ मातीत नको, कोब्यावर नाहीतर कडक सपाट जागेवर लावा, गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडनं दगड लावा. चाकाचे नट जॅक लावायच्या आधीच थोडे ढिले करायचे. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका, चासीखाली स्टँड नाहीतर जाड लाकडी ठोकळा द्याच, विटा लावू नका, वीट अचानक फुटते.

गेल्या वर्षी माझ्या गाडीचं डावं पुढचं चाक वाजत होतं, उघडून बघितलं तर बाहेरचा पॅड चांगला जाड आणि आतला पार कागदासारखा झालेला. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा सांगाडा, ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातल्या एका पिनेचं रबर फाटलं होतं, आत तांबडी माती जाऊन गंजाचा लगदा झाला होता, पिन हातानं हलत पण नव्हती. आधी पॅड बदलले तेव्हा पिना कुणी काढल्याच नव्हत्या. म्हणून सांगतो, नुसते पॅड बदलून गाडी बाहेर काढू नका. पिना काढा, कापडानं पुसून चकचकीत करा, रबर फाटलं असेल तर नवीन घाला आणि ब्रेकसाठी मिळतं ते उष्णता सोसणारं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. ट्रॅक्टरला मारतो ते साधं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं आणि पिन परत अडकते.

कॅलिपर काढल्यावर तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत सोडू नका, तारेनं वर बांधून ठेवा. पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, ३ मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर बदला, आणि बदलायचे म्हणजे दोन्ही बाजूचे एकदम, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. पॅड जाड आहे पण काचेसारखा गुळगुळीत झालाय, तर पॉलिश पेपरवर हलकासा घासून घ्या. डिस्कमागचा पत्रा बघा, तिथं हमखास खडा अडकलेला असतो. धूळ हवेनं उडवू नका, ती छातीत जाते, ओल्या फडक्यानं पुसा.

नवीन पॅड बसवताना कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन आत दाबावा लागतो, तेव्हा ब्रेक ऑईलचं झाकण उघडून डबी भरून वाहत नाही ना ते बघत राहा, हे ऑईल रंगावर सांडलं की रंग निघतो. ऑईल काळपट झालं असेल तर बदलून घ्या, साधारण दोन वर्षांनी बदलतातच, कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ हा ब्रेक ऑईलचा एक दर्जा, ते ऑईल नवीन असताना किमान २३० अंशांला उकळतं, पाणी मुरल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, आणि भरल्या गाडीनं घाटात ऑईल उकळलं की पेडल सरळ खाली जातं. कुठलं घालायचं ते डबीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं.

मागच्या ड्रमचं मात्र मी फिटरकडंच करतो, स्प्रिंगा उलटसुलट बसल्या तर जीवाशी खेळ. ड्रमच्या आतून ओल दिसली, तेल पाझरत असेल, तर लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे, घासत बसू नका, त्यांना ढकलणारा ब्रेकचा सिलिंडर नाहीतर एक्सलचं सील गेलंय.

चाक बसवलं की नट आडवे-उभे असे समोरासमोरचे आवळा आणि गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा, पहिल्या दोन-तीन दाबांत ते पार खाली जातं, त्याच वेळी गाडी उतारावर असली तर थांबत नाही. मग रिकाम्या रस्त्यावर ४०च्या स्पीडवरनं हळूहळू आठ-दहा वेळा ब्रेक मारून पॅड बसवून घ्या, मगच माल भरा.

आणि घाटात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकू नका, इंजिन तर बंद करूच नका, बूस्टरची, म्हणजे पेडल दाबायला जोर देणाऱ्या भागाची, ताकद जाते. ज्या गिअरनं चढता त्याच गिअरनं उतरा. खाली हडपसरला पोचलात की चहाला थांबाल तेव्हा चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, रिमला लावू नका, नुसती धग घ्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं वाटलं, जळका वास आला, तर तिथला ब्रेक सुटत नाहीये, पिन परत बघा. शंभरेक किलोमीटर झाले की चाकाचे नट एकदा पान्यानं आवळून घ्या.