विहिरीला पेट्रोलचा वास येतोय? गळती कुठून आहे ते असं शोधा

सगळ्यात आधी मोटर बंद करा. पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आसपास साठली तरी ठिणगीने पेटू शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने विहिरीत खालीच बसून राहते, त्यामुळे "जरा उतरून बघतो" म्हणणाऱ्याला कठड्यावरच अडवा, बिडी-काडी तर लांबच. मोटर चालू ठेवली तर अजून एक घोळ होतो, उपसा जितका जोरात तितकं लांबचं घाण पाणी आपल्याच विहिरीकडे ओढलं जातं. पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा, गुरांचंही. उकळून प्यायचा सल्ला कोणीतरी देतोच, पण उकळलं की तीच वाफ स्वयंपाकघरात भरते, आणि घरच्या आरओवर या बाबतीत भरवसा ठेवू नका.

आता लगेच पेट्रोल पंपावर भांडायला जायचं नाही. आधी घरचे संशयित तपासा, म्हणजे विहिरीवर डिझेल इंजिन होतं का, सबमर्सिबलचं तेल गळतंय का, शेजारी गॅरेज किंवा जनरेटर आहे का. पाण्यावर रंगीत तवंग दिसतो म्हणजे तेलच असंही नाही, लोखंडावर वाढणाऱ्या जिवाणूंचाही तसाच तवंग येतो. काडीने ढवळून बघा, तवंगाचे तुकडे पडून तसेच राहिले तर बहुतेक जिवाणू, आणि फिरून लगेच एकत्र आला तर तेल.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते भूजलावर तरंगतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्रास खरा तरंगणाऱ्या थराचा नाही तर त्यातून विरघळणाऱ्या बेंझिन, टोल्युइन, झायलिन वगैरेंचा असतो. बीएस-६ (आपल्याकडचं सध्याचं इंधन मानक) पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त १ टक्का चालतं, तेवढं धरलं तर एका लिटरात साधारण ८.८ ग्रॅम होतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हिशोबाने एक लिटर पेट्रोल साडेआठ लाख लिटरपेक्षा जास्त पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवू शकतं. आणि बेंझिनने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. त्यात आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, जमिनीतले जिवाणू आधी इथेनॉल खातात, त्यातच ऑक्सिजन संपतो, मग बेंझिन मागे उरतं आणि जास्त लांब जातं.

माझ्या मते सगळा तपास एका प्रश्नावर उभा असतो, जमिनीखाली पाणी कुठून कुठे वाहतंय? हे न बघता लोक डायरेक्ट सॅम्पल घेऊन लॅबला पळतात, मग रिपोर्ट हातात येतो पण तो कोणावर बोट दाखवत नाही. तीन विहिरी घ्या, एका ओळीत नकोत, त्रिकोणात पाहिजेत. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी किंवा सर्व्हेवाल्याचं लेव्हल यंत्र वापरून तिन्ही कठड्यांची उंची एकमेकांच्या तुलनेत काढा, मग कठड्यापासून पाणी किती खाली आहे ते टेपने मोजा. उंचीतून खोली वजा केली की पातळी मिळते, जिथे ती जास्त तिथून पाणी कमीकडे चाललंय. मोजायच्या आदल्या रात्रीपासून तिन्हीकडचा उपसा बंद पाहिजे, नाहीतर आकडे खोटे येतात.

पण आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये (काळ्या कातळात) हा त्रिकोण फक्त अंदाज देतो. वरच्या मुरमात पाणी बऱ्यापैकी सरळ वाहतं, खाली कातळ लागला की ते भेगांमधूनच जातं, म्हणून पेट्रोल पंपाला चिकटून असलेली विहीर स्वच्छ आणि दोन शेतं सोडून असलेल्या विहिरीला वास, असं होऊ शकतं. तेवढ्यावरून पंपाला क्लीन चिट देऊ नका. विहिरीत तरंगणाऱ्या थराची जाडी बघूनही गळती किती ते ठरवू नका, जमिनीत असतो त्यापेक्षा विहिरीत तो बऱ्याचदा जाड दिसतो.

मे आणि सप्टेंबर, दोन्हीत मोजायचं. उन्हाळ्यात पाणी खाली जातं तसं पेट्रोलही खाली जाऊन मुरमाला चिकटतं, पावसाळ्यात पातळी चढली की त्यातलं काही पुन्हा सुटतं. वास अचानक आला म्हणजे गळती अचानक सुरू झाली असं नसतं. अजून एक खूण म्हणजे भूजल पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीच्या वर चढलं की फुटक्या टाकीत उलट पाणी शिरतं. पंपावर रोज डिप घेतात (टाकीत मोजपट्टी सोडून पातळी बघतात), पट्टीला पाणी ओळखणारी पेस्ट लावून टाकीत पाणी आहे का बघतात, स्टॉक रजिस्टरला नोंद होते. पावसाळ्यात टाकीत पाणी आणि उन्हाळ्यात स्टॉकमध्ये न जुळणारी तूट, हे दोन्ही एकाच टाकीला दिसलं तर संशय पक्का (अर्थात ते रजिस्टर तुम्हाला कोणी हौसेने दाखवणार नाही, तक्रारीत ते तपासायची लेखी मागणी करा). आणि टाकी ठीक निघाली तरी थांबू नका, डिस्पेंसरकडे (गाडीत पेट्रोल भरायच्या मशीनकडे) जाणारे पाइप आणि त्यांचे जॉइंटही बऱ्याचदा गळतात.

सॅम्पल बिसलरीच्या बाटलीत घेऊ नका प्लीज. लॅबकडून ४० मिलीच्या काचेच्या, टेफ्लॉन लावलेल्या झाकणाच्या बाटल्या मागवा, आत थोडं ॲसिड घातलेलं असतं ते सांडायचं नाही. बादलीने उपसून ओतलं तर बरीच वाफ तिथेच उडते, त्यामुळे बेलर (दोराला बांधून सोडायची सॅम्पलची नळी) हळू सोडून तवंगाच्या खालचं पाणी घ्या, बाटली काठोकाठ भरा, उलटी करून टिचकी मारा, बुडबुडा दिसला तर नवी बाटली घेऊन परत भरा. सुरुवात सगळ्यात स्वच्छ विहिरीपासून आणि वासाची विहीर शेवटी, म्हणजे दोर-हातांबरोबर घाण पसरत नाही. सोबत शुद्ध पाण्याची एक बंद बाटली तशीच फिरवून लॅबला द्या, तिच्यात बेंझिन निघालं तर गडबड प्रवासातली आहे. लगेच बर्फात ठेवा. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची लॅब असली तरी नेमक्या या टेस्ट त्यांच्या मान्यतेत आहेत का ते विचारा, आणि बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलिन, नॅफ्थलिन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन एवढं लेखी मागा. नुसतं "पाणी तपासा" म्हटलं तर पीएच आणि टीडीएस येईल.

मातीचं काम स्वतः करू नका. पंपाच्या आसपास ड्रिल मारणं म्हणजे पाइप किंवा केबल फोडायला आमंत्रण, तिथे हवेतली वाफ मोजणारं मीटर आणि परवानगी दोन्ही लागतं.

तुमचा प्रायव्हेट रिपोर्ट संशय ठरवायला पुरतो, पण केस चालवायची तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेलं सीलबंद सॅम्पल पाहिजे. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २४ (पाण्यात प्रदूषक सोडायला बंदी) विहिरीलाही लागू आहे, तक्रारीत तेच टाका. टाक्यांच्या लायसन्सचा विषय पेसोकडे (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना), त्यांचं मुख्यालय नागपूरला, आणि भूजलाची दिशा नीट काढून हवी असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा ऑफिसातला भूवैज्ञानिक गाठा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, तारखेसकट, कारण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात (पर्यावरणाच्या वादांचं कोर्ट, आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ) वादासाठी सहा महिने आणि नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांची मुदत असते आणि ती मोजताना या तारखाच कामाला येतात.