रोममधल्या गल्लीतल्या त्रात्तोरियात (साध्या, घरगुती खानावळीत) जेवायला जाताना

संध्याकाळी साडेसातच्या आधी गेलात तर बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर बंदच असतं. साडेआठला गर्दी होते, त्यामुळे टेबल आधी सांगून ठेवा.

बसल्या बसल्या पाणी विचारतात: 'नातुराले' म्हणजे साधं, 'फ्रिझांते' म्हणजे सोड्यासारखं. दोन्ही बाटलीबंद, पैसे लागतात. टेबलावर आलेल्या पावाचेही बिलात लागू शकतात. नको असेल तर लगेच परत करा.

मेन्यूत 'प्रीमो' म्हणजे पास्ता, 'सेकोंदो' म्हणजे मांस-मासे. सेकोंदोबरोबर भाजी येत नाही, ती 'कोंतोर्नो'तून वेगळी मागवायची. सगळे कोर्स घेतलेच पाहिजेत असं नाही. दोघांत एक आंतिपास्तो (म्हणजे सुरुवातीचा हलका पदार्थ) आणि प्रत्येकी एक प्रीमो पुरतो.

शाकाहारी मंडळी फसतात ती पास्त्यात. कार्बोनारा आणि आमात्रिचाना, दोन्हींत ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस असतं. 'मांस नको' म्हटल्यावर वेटर ते काढून देईल, पण मग उरतं काय? त्यापेक्षा काचो ए पेपे घ्या: पेकोरिनो चीज, मिरी आणि पास्त्याचं पाणी, बस्स. मात्र पेकोरिनो कोकराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, विरजतात. तेही चालत नसेल तर 'सेन्झा फोर्माज्जो' (चीज नको) सांगून टोमॅटोचा पास्ता घ्या. पास्ता किंचित कडक लागेल. तो कच्चा नसतो, परत पाठवू नका.

बिल आपणहून आणत नाहीत. 'इल कोंतो, पेर फावोरे' म्हणा. टीप सक्तीची नाही.