बाटिकचा क्विल्ट शिवताना या चुका टाळा

बाटिकचं कापड हातात आलं रे आलं की लोक त्याला कटर लावतात. रंग इतके देखणे असतात की धीर धरवत नाही, हे मला कळतं. पण शिकवायला बसले की माझ्यासमोर त्याच त्या तक्रारी येतात. पांढऱ्या पट्टीवर लाल डाग, शिवणीच्या बाजूने भोकांची रांग, चार हातांवरून पाहिलं तर नक्षीच न दिसणारे ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले नक्षीचे चौकोन. यातल्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीमागे एकच समज असतो, की बाटिक म्हणजे जरा जास्त सुंदर छपाईचं सुती कापड आणि ते नेहमीच्या कापडासारखंच वागवायचं.

बाटिकवर छपाई नसतेच. क्विल्टिंगसाठी, म्हणजे गोधडीसारखे थर एकत्र शिवण्याच्या कामासाठी, मिळणारं बरंचसं बाटिक इंडोनेशियातून येतं, त्यातही बालीमधून. पांढऱ्या कापडावर आधी रंगाचा एक हात फिरवतात. मग तांब्याचा ठसा, ज्याला तिथे ‘चाप’ म्हणतात, वितळलेल्या मेणात बुडवून कापडावर उठवतात. त्यावर दुसरा रंग चढवतात आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकतात. मेण फिस्कटू नये, नक्षीची कड नेमकी यावी म्हणून कापड दाट विणीचं घेतलेलं असतं. एका इंचात उभे-आडवे मिळून दोनशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त धागे. छापील क्विल्टिंग कॉटनमध्ये हाच आकडा साधारण १२० ते १५० असतो. म्हणजे एक तर वीण घट्ट आणि दुसरं, रंग एकावर एक चढलेले. पुढे जे काही बिघडतं ते या दोन गोष्टींमुळे.

मीठ आणि व्हिनेगरवर भरवसा ठेवणं

ही चूक माझ्या फार डोक्यात जाते, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

रंग जाऊ नये म्हणून कापड मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून ठेवा, असं एक जण दुसरीला सांगते, दुसरी तिसरीला. कोणी तपासून बघत नाही. सुती कापडावर जे रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरतात ते सोडा अ‍ॅशसारख्या अल्कलीच्या साहाय्याने धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात. हे रंगवतानाच घडतं. रंगाच्या कुंडात मीठ घालतात ते रंग धाग्याकडे सरकावा म्हणून, तो पक्का व्हावा म्हणून नव्हे. व्हिनेगर आम्लधर्मी आहे. ते लोकर आणि रेशमाच्या आम्ल रंगांना कामाचं, सुती कापडावरच्या या रंगांना त्याचा काडीचा उपयोग नाही. रंगवून झाल्यावर जो जास्तीचा रंग धाग्यांत नुसता अडकून बसलेला असतो, तो पक्का करण्याचा घरगुती उपाय नाही. तो धुऊन काढायचा असतो. गरम पाण्याने, साबणाने, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी मोठा क्विल्ट केला होता. गडद लाल बाटिकचे तारे, मागे दुधी रंगाचं साधं कॉटन. टोकं इतकी नेमकी जुळलेली की बघत राहावं. लाल कापड त्यांनी कापण्याआधी मिठाच्या थंड पाण्यात रात्रभर ठेवलं होतं आणि सकाळी पाणी जवळपास स्वच्छ होतं. त्यामुळे त्या निर्धास्त होत्या. क्विल्ट पूर्ण झाल्यावर मशिनमध्ये कोमट पाण्यात धुतला, पिळून काढला आणि दुसऱ्या कामात अडकल्या म्हणून तसाच ओला, घडी करून ठेवला. संध्याकाळी उघडला तेव्हा प्रत्येक ताऱ्याभोवती गुलाबी वलय होतं, आणि जिथे घडीत लाल आणि दुधी समोरासमोर आले होते तिथे ताऱ्याची अख्खी छाप उमटली होती. मग घाबरून त्यांनी तो वाळवला आणि इस्त्री फिरवली.

थंड पाण्याने त्यांना फसवलं. सुटा रंग थंड पाण्यात फार सावकाश बाहेर येतो, पाणी गरम झालं की भराभर. दुसरी गोष्ट म्हणजे ओला क्विल्ट घडी करून ठेवणं. यात जितकं नुकसान होतं तितकं धुण्यातही होत नाही. धुताना रंग भरपूर पाण्यात विरतो, घडीत तो थेट शेजारच्या कापडात शिरतो.

तो क्विल्ट आम्ही वाचवला, पण पूर्ण नाही. पद्धत सांगते, कारण घाबरलेल्या वेळी तीच हाताशी असायला हवी. मोठ्या टबात नळाचं मिळेल तितकं गरम पाणी, इतकं की क्विल्ट पूर्ण बुडून वर पाणी उरेल. त्यात भांडी घासायचा साधा द्रव साबण, टब मोठा असेल तर अर्धा कपभर. ब्लीच असलेला साबण नको. क्विल्ट पाण्याखालीच राहिला पाहिजे, कोपरा वर आला तर रंग तिकडे चढून तिथे सुकतो. दहा-बारा तास तसाच ठेवायचा. मग काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडात बघायचं. रंग दिसला तर पाणी बदलून पुन्हा तेच. पाणी स्वच्छ येईपर्यंत वाळवायचं नाही आणि इस्त्रीचं नाव काढायचं नाही. आतलं बॅटिंग, म्हणजे दोन कापडांमधला भरावाचा थर, लोकरीचं असेल तर हा उपाय करू नका, ते आटून गोळा होईल. त्या बाईंचा क्विल्ट बराचसा दुधी झाला, पण जिथे इस्त्री फिरली होती तिथे पुसट गुलाबी छटा राहिली ती राहिलीच.

आता माझी सवय. लाल, जांभळा, गडद निळा, मोरपिशी, काळा, यातलं कुठलंही बाटिक कापण्याआधी त्याच्या कडेचा दोन इंची तुकडा काढते. काचेच्या पेल्यात गरम पाणी, साबणाचा एक थेंब, अर्धा तास. मग तो ओला तुकडा पांढऱ्या सुती चिंधीवर ठेवून वाळू देते. पाण्यात रंग दिसला किंवा चिंधीवर डाग आला, तर सगळं कापड गरम पाण्यात साबणाने धुते, आणि पुन्हा तपासते. एखादं कापड धुऊन धुऊनही रंग सोडत राहिलं, तर ते पांढऱ्याशेजारी लावत नाही. गडदच रंगांच्या क्विल्टसाठी बाजूला ठेवते. हा वेळ ज्यांना जड वाटतो त्यांनी कृपा करून लाल-पांढरा क्विल्ट हाती घेऊ नये.

रंग शोषणारे कागद मशिनमध्ये टाकतात, तेही नीट समजून घ्या. पाण्यात सुटलेला रंग ते पकडतात. चिकटून असलेल्या दोन कापडांत एकातून दुसऱ्यात जाणारा रंग त्यांना अडवता येत नाही. मी ते वापरते, पण आधी धुतलेल्या कापडाच्या जोडीला.

जुनी, जाड सुई

मशिनमध्ये जी सुई बसलेली आहे तिनेच शिवायला सुरुवात होते. ‘टक टक’ असा आवाज येऊ लागतो, टाके डावी-उजवीकडे डुलतात, मध्येच एखादा टाका सुटतो, आणि दोष मशिनच्या टेन्शनवर जातो. टेन्शनच्या चकतीला हात लावण्याआधी सुई बदला. नेहमीच्या युनिव्हर्सल सुईचं टोक किंचित गोलसर असतं. ते धाग्यांना बाजूला सारत आत जातं. बाटिकच्या घट्ट विणीत धाग्यांना सरकायला जागाच नसते, म्हणून सुई वाट शोधत तिरपी होते. इथे बारीक, तीक्ष्ण टोकाची मायक्रोटेक्स सुई हवी, ७०/१० किंवा ८०/१२ मापाची. दोरा ५० नंबरचा सुती. टाका दोन ते सव्वादोन मिलिमीटरचा. त्याहून बारीक टाका मजबूत वाटतो, पण दाट कापडात तो शिवणीच्या रेषेवर भोकंच भोकं पाडतो आणि उसवायची वेळ आली तर कापड फाटतं. सुई सात-आठ तासांच्या शिवणकामानंतर मी बदलतेच, ती चांगली दिसत असली तरी.

उसवण्याबद्दलही सांगते, कारण बाटिक इथे लगेच खूण धरतं. दोन्ही कापडं धरून शिवण ओढून फाडू नका. एका बाजूचा दर तिसरा-चौथा टाका कापा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा सरळ ओढून काढा. भोकं दिसतील. त्यावर पाणी फवारून नखाने आधी उभ्या आणि मग आडव्या धाग्याच्या दिशेने हलकेच घासा, नंतर वाफेची इस्त्री दाबा. बहुतेक भोकं बुजतात, उरलेली धुण्यात जातात. पण त्याच ओळीवर दोनतीनदा उसवून शिवलं, तर तो तुकडा टाकून नवा कापलेला बरा.

टाचण्यांचंही तेच. जाड टाचणी बाटिकमध्ये जोर लावून घुसवावी लागते आणि त्यात दोन्ही तुकडे सरकतात. पाव इंचाची शिवण दर ठिकाणी केसभर सरकली तर ओळीच्या शेवटी ब्लॉक जुळत नाहीत. बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या किंवा त्याहून पातळ टाचण्या घ्या आणि त्या मार्जिनच्या आतच लावा. क्लिपाही चालतात, पण त्या कडेलाच धरतात. टोकाला टोक नेमकं जुळवायचं तर टाचणीच लागते.

शिवण सुरू करताना कापडाचा कोपरा मशिनच्या प्लेटमध्ये ओढला जात असेल तर आधी एका चिंधीवर चार टाके घाला आणि तिथूनच पुढे ब्लॉकवर या. मी प्रत्येक ओळ अशीच सुरू करते.

सगळीच कापडं मधल्या छटेची

निळं, जांभळं, हिरवं, तांबूस अशी दहा बाटिकं एकत्र ठेवली तर डोळे दिपतात. शिवल्यावर मात्र सगळा क्विल्ट एकसारखा घोटाळलेला दिसतो. कारण रंग वेगवेगळे असले तरी त्यांचा उजळपणा-गडदपणा एकच होता. बाटिकमध्ये पांढरी पार्श्वभूमी क्वचितच असते, रंग एकमेकांत मिसळलेले असतात, आणि त्यामुळे बरीचशी कापडं मधल्या छटेवर येऊन थांबतात. त्रिकोण, तारे, कुठलीही टोकदार रचना छटांच्या फरकावर उभी असते. तो फरक नसला की टोकं कितीही नेमकी शिवा, ती दिसत नाहीत.

कापण्याआधी सगळी कापडं भिंतीवर शेजारी शेजारी लावा आणि फोनने कृष्णधवल फोटो काढा. राखाडीच्या दोन ढिगांत न विभागणारी कापडं एकाच ब्लॉकमध्ये शेजारी लावू नका. तयार कापलेल्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यांत मला ही अडचण नेहमी दिसते. सुरुवात करणारे तो गठ्ठा सोडतात आणि दुसरं काही न मिसळता सरळ शिवत सुटतात. त्यात एक खूप उजळ आणि एक खूप गडद कापड बाहेरून आणावंच लागतं. उजळ म्हणून एकदम कोरं पांढरं मला आवडत नाही, बाटिकशेजारी ते कागदासारखं चपटं दिसतं. दुधी किंवा फिकट राखाडी छटांचं बाटिक घ्या.

एकाच कापडातही फरक असतो, हे विसरू नका. एका टोकाला मोरपिशी, दुसऱ्या टोकाला जवळपास काळं. अशा कापडाचे तुकडे आंधळेपणाने कापून रचले तर मधेच एखादा तारा पार्श्वभूमीत बुडतो. मी ते कापड पूर्ण पसरते, उजळ भाग कुठे आणि गडद कुठे ते बघते, आणि तुकडे कापून झाल्यावर दोन ढीग करते. यात कापड थोडं वाया जातं. जाऊ द्या.

बाकीच्या चुका, थोडक्यात

सुलटी बाजू शोधत बसू नका. रंग दोन्ही बाजूंना उतरलेला असतो, आवडेल ती बाजू वर घ्या, पण एकाच क्विल्टमध्ये ती कायम ठेवा. मागून जवळपास पांढरं दिसणारं ‘बाटिक’ हे बाटिकच्या नक्षीची छपाई असते.

बाटिक आणि छापील कॉटन एकत्र वापरायला हरकत नाही, मात्र दोन्ही आधी धुऊन घ्या. बाटिक तयार होतानाच गरम पाण्यातून गेलेलं असतं, त्यामुळे ते कमी आटतं, छापील जास्त.

तयार कापलेल्या पट्ट्या आणि चौकोन धुऊ नका, कडा उसवून माप जातं. रंगाची शंका असेल तर त्यातला एक तुकडा पेल्यात टाकून बघा.

कापड कुठे ताठर किंवा चिकट लागलं तर तिथे मेण राहिलेलं असू शकतं. थेट इस्त्री नको, आधी गरम पाण्यात धुवा. इस्त्रीने चिकटणाऱ्या फ्यूजिंगने अ‍ॅप्लिके, म्हणजे कापडावर तुकडे लावून नक्षी, करणार असाल तर हे आणखीच महत्त्वाचं, नाहीतर तुकडे सुटतात.

इस्त्रीच्या उष्णतेने जाणाऱ्या पेनाने गडद बाटिकवर खुणा करू नका. शाई जाते, फिकट रेघ मागे राहते. खडू वापरा.

पाठीला बाटिक घालणार असाल आणि हाताने क्विल्टिंग करणार असाल, तर आधी एका लहान तुकड्यावर तासभर करून बघा. वर बाटिक, खाली बाटिक, मध्ये दाट सुती बॅटिंग अशा थरातून सुई काढताना बोटं लवकर दुखतात. हाताच्या क्विल्टसाठी मी पाठीला साधं, सैल विणीचं कॉटन लावते आणि बाटिक वरच्या बाजूला ठेवते. मशिनच्या क्विल्टिंगला मात्र बाटिकची पाठ छान बसते, घट्ट विणीतून बॅटिंगचे तंतू बाहेर येत नाहीत. फक्त नव्या सुईनेच सुरुवात करा, आणि पाठीला गडद कापड घेतलं असेल तर तेही पेल्यात तपासून घ्या. वरचं सगळं तपासून पाठ तशीच लावणाऱ्यांचे क्विल्टही माझ्याकडे येतात.