बिलांवरची वेळ जुळेना? आधी कॉम्प्युटरमधला सेल बघा

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या हळदीच्या पेढीवर एकाच सौद्याच्या दोन कागदांवर वेगळी वेळ छापून यायची.

१. रात्री मेन स्विच बंद केल्यावर सकाळी कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडलेलं दिसतं का? मग मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) सीआर २०३२ हा बटणासारखा सेल बदला. स्वस्तातलं काम आहे, पण तो बघायचं कुणालाच सुचत नाही.

२. विंडोजच्या 'डेट अँड टाइम'मध्ये टाइम झोन +५:३० (भारतीय वेळ) ठेवून 'सिंक नाऊ' दाबा, म्हणजे घड्याळ इंटरनेटवरच्या वेळेशी जुळतं.

३. सिंक होत नसेल तर फायरवॉलमध्ये (नेटवरची ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेत) यूडीपी पोर्ट १२३, म्हणजे वेळ जुळवायचा मार्ग, अडवलाय का ते पाहा.

मात्र कॉम्प्युटर डोमेनवर, म्हणजे एकाच मुख्य सर्व्हरच्या ताब्यात असतील तर एकेकाची वेळ हाताने बदलू नका, मुख्य सर्व्हरचीच दुरुस्त करा. त्याच्याशी ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की लॉगिन अडतं.