अल्बाट्रॉस आणि लाँगलाइन जहाजं: गाठ नेमकी कुठे पडते, ते कसं काढायचं

लाँगलाइन जहाजं आमिष लावलेल्या गळांचा लांबच लांब दोर समुद्रात सोडतात आणि त्या गळांत अल्बाट्रॉससारखे समुद्रपक्षी अडकतात. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जियाजवळच्या बर्ड आयलंडवर घरटी करणारा वाँडरिंग अल्बाट्रॉस उदाहरणाला घेऊ. सगळ्यात आधी ट्रॅक, म्हणजे पक्ष्यांच्या प्रवासाच्या नोंदी, हंगामाप्रमाणे वेगळे करा. अंडं डिसेंबरात, पिल्लू मार्चमध्ये, आणि ते उडेपर्यंत पुन्हा डिसेंबर उजाडतो. उबवणीच्या काळात पक्षी पॅटागोनियाच्या उथळ पट्ट्यापर्यंत जातो, पिल्लू अगदी लहान असताना बेटाच्या आसपास राहतो. सगळं एकत्र टाकलंत तर कुठल्याच महिन्याला लागू न पडणारा नकाशा हाती येतो.

पक्ष्यावर बसवायचा जीपीएस लॉगर (जागा नोंदवणारं यंत्र) पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत हवा, नोंद दर १० मिनिटांनी. उजेडावरून जागा काढणाऱ्या जिओलोकेटरची चूक सरासरी १८० किलोमीटरच्या घरात असते. हिवाळी मुक्काम कळायला तो पुरतो, जहाजाशी गाठ शोधायला नाही.

चुकीचे बिंदू गाळताना वेगाची मर्यादा १०० किमी ताशी ठेवू नका. वादळी वाऱ्यात अल्बाट्रॉस त्यापुढे जातो, म्हणजे खरं उड्डाणच कापलं जाईल. १३५ ठेवा. तासाभराहून मोठी खिंडारं अंदाजाने बुजवू नका. ट्रॅक तिथे तोडा.

मग वागणूक. तीन अवस्थांचं (प्रवास, शोध, पाण्यावर बसणं) हिडन मार्कोव्ह मॉडेल घ्या; नोंदलेल्या हालचालीवरून पक्षी कुठल्या अवस्थेत होता याचा ते अंदाज बांधतं. १० मिनिटांत कापलेलं अंतर प्रवासात साधारण ८ किमी, शोधात २-३, पाण्यावर बसल्यावर काही शे मीटर, अशा किमतींपासून सुरुवात करा. या किमती थोड्या थोड्या बदलून मॉडेल २०-२५ वेळा चालवा आणि लाइकलिहूड (मॉडेल नोंदींशी किती जुळतं याचं माप) सर्वांत जास्त येईल ती जुळणी ठेवा, नाहीतर ते भलत्याच उत्तरावर अडकतं. अंतरांसाठी मॉडेलमध्ये वापरतात त्या गॅमा वितरणाला शून्य अंतराच्या नोंदी चालत नाहीत. त्यांची वेगळी सोय करा. पायावरचा ओला-कोरडा सेन्सर असेल तर सोनंच. रात्री लाटांवर वाहणारा पक्षी आणि जहाजामागे संथ घिरट्या घालणारा पक्षी नुसत्या जीपीएसवर ‘शोध’ या एकाच खान्यात पडू शकतात. पहिल्याचा सेन्सर तासन्‌तास ओला दाखवतो, दुसऱ्याचा सतत ओला-कोरडा होतो.

पुढे खोली, पृष्ठतापमान, वारा आणि वसाहतीपासूनचं अंतर घालून अधिवासाचं मॉडेल, म्हणजे पक्षी कुठे असण्याची शक्यता किती ते सांगणारं मॉडेल, बसवा. मॉडेलच्या तपासणीसाठी सुटे बिंदू नाही, अख्खा पक्षी बाजूला काढा. एकाच पक्ष्याचे शेजारचे बिंदू दोन्हीकडे गेले की निकाल फसवा गोड येतो.

जहाजांची माहिती ग्लोबल फिशिंग वॉचकडून मिळते, ती एआयएसवरून (जहाजं स्वतःची जागा रेडिओवरून कळवतात ती यंत्रणा) मासेमारीचा माग काढते; वाहत्या लाँगलाइनचा गट निवडा. मात्र ‘मासेमारीचे तास’ म्हणजे धोक्याचे तास नव्हेत. पक्षी मुख्यतः दोर सोडताना, गळ बुडण्याआधी अडकतो. ‘मासेमारीच्या तासां’त मात्र दोर ओढण्याचेही तास धरलेले असतात. शिवाय एआयएस बंद ठेवणारी जहाजं दिसतच नाहीत. दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे-कर्गेलेन बेटांच्या भागात जहाजांचं रडार ओळखणारे लॉगर अल्बाट्रॉसवर बसवले, तेव्हा सापडलेल्या जहाजांपैकी चतुर्थांशाहून अधिक एआयएसवर नव्हती (२०२०). म्हणून जहाजांचा आकडा किमान समजूनच वाचा.

गाठ मोजताना पक्ष्यांचा आणि जहाजांचा नकाशा नुसते एकमेकांवर ठेवू नका. तीच वेळ, तीच जागा जुळली पाहिजे. ३० किमीच्या आत जहाज पक्ष्याला ओढू शकतं. ५ किमीच्या आत तो जहाजापाशीच आहे असं धरा. ५४ अंश दक्षिणेला रेखांशाचा एक अंश जेमतेम ६५ किमी भरतो, म्हणून नकाशाच्या चौकटी अंशांत नको, समक्षेत्र प्रक्षेपणात (क्षेत्रफळ खरं राखणाऱ्या नकाशात) आखा.

बेटाजवळ जानेवारीत नकाशावर लाल डाग, म्हणजे जास्त गाठी, दिसला तर आधी तारखा तपासा: साउथ जॉर्जियाची टूथफिश (खोल पाण्यातला मासा) मासेमारी दक्षिण गोलार्धाच्या उन्हाळ्यात बंद असते. तेव्हा तिथे पर्यटकांची जहाजं फिरतात.