तिखटाने आग होते तेव्हा: आधी जागा ओळखा, मग पथ्य ठरवा

मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, म्हणून प्रत्यक्ष काहीही भाजलेले नसताना भाजल्यासारखी आग होते. निरोगी माणसाची आग थोड्या वेळात शमते. मात्र तोंडापासून गुदद्वारापर्यंत जिथे अस्तर आधीच सुजलेले किंवा चिरलेले असेल, तिथे ती असह्य होते. म्हणून तिखट सरसकट बंद करण्यापूर्वी आग नेमकी कुठे होते, हे पाहावे.

जेवणानंतर छातीत जळजळ होऊन आंबट पाणी घशाशी येत असेल, तर मिरचीबरोबर तेलाकडेही लक्ष द्यावे. तेलकट अन्न जठरात अधिक वेळ राहते आणि अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल करते. त्यामुळे मिसळ सोडवत नसेल, तर निदान वरची तर्री काढून टाकावी आणि ती रात्री खाऊ नये. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटर उंचीचे ठोकळे लावावेत. नुसत्या उशा वाढवल्याने पोट दुमडते आणि त्रास उलट वाढू शकतो. छातीतील वेदना हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर मात्र पित्त म्हणून घरी थांबू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

मिरचीने अल्सर होतो, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. या जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तिखटाने अल्सरचे दुखणे वाढू शकते, पण नुसत्या पथ्याने तो जिवाणू जात नाही. शौचाला डांबरासारखे काळे होत असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

गुदद्वाराशी चीर पडली असेल, तर ती भरून येईपर्यंत ठेचा, लोणचे आणि झणझणीत रस्सा बंद ठेवावा. मूळव्याधीत खरा भर पालेभाज्या, सालीचे मूग आणि पुरेसे पाणी यांवर हवा, कारण मिरची सोडूनही मलावरोध राहिला तर फारसा फरक पडत नाही.

स्वयंपाकात लवंगीऐवजी ब्याडगी वापरावी. रंग येतो, तिखटपणा कमी राहतो. हिरव्या मिरचीतील नुसत्या बिया काढू नयेत, त्या ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात तो खरवडावा, कारण कॅप्सेसिन तिथेच तयार होते. तोंड पोळल्यावर पाण्यापेक्षा दूध बरे.

एक लक्षण मात्र पथ्यावर सोडून देऊ नये. सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्याला पूर्वी चालणारी साधी आमटीही तोंडात झोंबू लागली, गालाची आतली बाजू पांढुरकी व ताठर वाटू लागली किंवा तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर ती कर्करोगाकडे नेऊ शकणाऱ्या विकाराची सुरुवात असू शकते. अशा वेळी सुपारी पूर्ण थांबवून दंतवैद्याकडून तोंड तपासून घ्यावे.